नव्वद सेंटिमीटर

पालिकेने मला पिवळा रंग दिला, एक ब्रश, एक दोरी
आणि कोर्टाचा कागद:
दारापासून फुटपाथच्या कडेपर्यंत नव्वद सेंटिमीटर वाट मोकळी.
तेवढ्यातून व्हीलचेअर जाते.
मी मोजून पाहिलं नाही, साहेब म्हणाले.

तालकावानोत त्या आठवड्यात वारा ओला होता,
रंग वाळत नव्हता.
पायऱ्यांवर मासळीच्या कारखान्यातल्या बायका,
सात महिन्यांचा पगार थकल्याची पाटी भिंतीला टेकवून
ओर्तेन्सिया मिल्याकेओ तिच्याच सावलीत कांदा चिरत होती.
"पाय उचला, बाई," मी म्हणालो.
"कुठे ठेवू?" ती म्हणाली.
खरंच विचारत होती.

इमारत एकच.
वर महापौर, ज्यांना या बायकांना भेटायचं नाही.
खाली जन्ममृत्यूची नोंद, जिथे कधी ना कधी सगळेच येतात.
दारही एकच.
बांधणाऱ्याने एवढा पुढचा विचार केला नसावा.

समोर फेर्मिन, चाव्या करून देणारा.
त्याच्या वहीत: सोमवार दोन चाव्या, मंगळवार एक,
बुधवार, आडवी रेघ.
"गावातलं कुठलंही कुलूप मी उघडतो," तो म्हणाला,
"माणसांनी बसून केलेलं कुलूप
कुठल्या बाजूनं फिरवायचं?"
त्याचा संडास वापरायला बायका शंभर पेसो देतात.
तो घेतो. त्याची वही वेगळी आहे.

वाट अडवलेली, वाट सोडलेली, वाट पाहिलेली.
एका शब्दात तिघींना बसवलं
की दाटी व्हायचीच.

गुरुवारी एक समुद्रसिंह आला,
धक्क्यावरून, डुलत, वासावर,
आणि नेमका माझ्या पट्ट्यात आडवा झाला.
त्याची मागणी काही नव्हती.
पोलीस, बायका, फेर्मिन, वरून उतरलेला एक कारकून,
सगळ्यांनी मिळून हुसकावला, केरसुण्यांनी, बादल्यांनी.
तेवढी वीस मिनिटं त्या रस्त्यावर एकच बाजू होती.
मग जो तो आपल्या जागी गेला.

दुपारी एलेउतेरियो आले, इस्त्रीचा कोट, हातात दवाखान्याचा कागद.
कडेला थांबले. पातेली वाजत होती, पळ्यांनी, झाकणांनी.
कुणी अडवलं नाही त्यांना.
कुणी उठलंही नाही.
माझी रेघ होती की तिथे, स्वच्छ, पिवळी,
पण त्या आवाजातून नव्वद सेंटिमीटर
मला कापून काढता आले नसते.
ओर्तेन्सियाने कागद पाहिला. गुडघा सरकवला.
हात वर केला तशी पातेली थांबली.
"वाजवा," ते म्हणाले,
"तीस वर्षं तुमच्याच डबे भरायच्या यंत्रावर होती ती.
कान तेव्हाच गेले होते."
कुणाला कळेना वाजवावं की नाही.
एक पोरगी वाजवत राहिली, हळू, ताल चुकत.

शाळेत असताना आम्ही फाटक बंद केलं होतं, बाकांची रास रचून,
अकरा दिवस.
बाहेर स्वयंपाकीणबाई उभी असायची, पावाची टोपली घेऊन,
रोजावर होती.
चौथ्या दिवशी तिने विचारलं, मी आत येऊ का.
मी तिला काय सांगितलं ते मला आठवतं.
इथे लिहीत नाही.
आमचं म्हणणं बरोबर होतं, एवढं लिहितो.

शनिवारी सकाळी साहेबांनी बोलावलं.
दारातून आत पिवळी पावलं उमटलेली,
नोंदणीच्या खिडकीकडे काही,
आणि काही, लहान, रबरी बुटांची,
जिन्याने वर, महापौरांच्या दाराच्या पायपुसण्यापर्यंत.
परतीची नव्हती.
"कुणाची?" साहेब म्हणाले.

रंग वाळला नाही, मी म्हणालो.
वारा ओला आहे.